काकांचा जास्तीचा कोबी

सिंगापुरात आजवर एकही मराठी माणूस उपाशी राहिला नाही, याचं श्रेय लोक तिथल्या सरकारला, पगारांना आणि कोपऱ्याकोपऱ्यावरच्या स्वस्त खाण्याच्या हॉकर सेंटरना देतात. देऊ देत. मी ते आमच्या सातव्या मजल्यावरच्या काकांना देते. हे काका माझे नात्याने कुणीही लागत नाहीत. एका बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात सगळी हयात घालवून निवृत्त झालेले, किरकोळ अंगाचे, भाजी आणायला जातानासुद्धा पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट घालून खिशाला पेन लावणारे असे ते गृहस्थ. आंग मो किओमधल्या आमच्या जुन्या ब्लॉकची लिफ्ट मोजक्याच मजल्यांवर थांबायची, आणि त्यांत चौथा, म्हणजे आमचा, नव्हता आणि सातवाही नव्हता. तरीही त्या जिन्यावरून जेवढी भाजी काकांनी चढवली आणि उतरवली, तेवढ्यात एखादं मंगल कार्यालय वर्षभर चाललं असतं.

आम्ही तिथे पोहोचलो ते नेमके चिनी नववर्षाच्या तोंडावर. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. नवऱ्याला तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नोकरी लागली होती आणि माझ्या कडेवर नुकती चालायला शिकलेली सई होती. सामानात गोडा मसाला होता, मेतकूट होतं, लोणच्याच्या बरण्या होत्या. डाळ-तांदूळ सुट्टीत सावकाश आणू म्हटलं होतं. भाजीची तर चिंताच नव्हती. भाजी ही रोजची रोज ताजी आणायची असते, आठवड्याची एकदम भरून ठेवणारी बाई आळशी, अशी माझी पुण्याची शिकवण. त्यामुळे आदल्या दिवशी बाजारात लोक पिशव्या फुटेस्तोवर भाज्या भरताना दिसले तेव्हा मला त्यांची चक्क कीव आली. नववर्षाच्या सकाळी मी कापडी पिशवी हलवत ऐटीत खाली उतरले, तर बाजार कडकडीत बंद. ओटे धुऊन कोरडे झालेले, दुकानांच्या लोखंडी दारांवर लाल कागद चिकटवलेले, हॉकर सेंटरमध्ये एकही चूल पेटलेली नाही. एका झाडूवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, न्यू इयर, आता तीन-चार दिवस काही नाही.

घरी ब्रेडचे उरलेसुरले काप, लोणची आणि नवऱ्याला ऑफिसात मिळालेली दोन संत्री, एवढाच शिधा होता. सईने भोकाड पसरलं होतं, नवरा कुठलं दुकान उघडं असेल यावर तर्क लढवत होता, आणि मी कुठल्या भिकार मुहूर्तावर या देशात आलो, परत जाऊया, इथवर पोहोचले होते. तेवढ्यात बेल वाजली. दारात एक अनोळखी माणूस. काखेत कोबी, हातात डाळ-तांदळाची पिशवी. नाव नाही, गाव नाही, सरळ म्हणाले,

"नवीन ना? मग उपाशी असाल."

आम्ही मराठी आणि नवीन हे त्यांना कळलं कसं, याचा उलगडा चहा घेताना झाला. तिथे धुतलेले कपडे लांब बांबूंवर चढवून ते बांबू स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर अडकवतात. काका रोज सकाळी खाली उभे राहून, मान वर करून सगळ्या ब्लॉकचे बांबू वाचत. आमची सोलापुरी चादर बांबूवर नव्हती, खिडकीच्या गजांना गाठ मारून लोंबत होती. चादर सोलापुरी म्हणजे माणूस मराठी, आणि गाठ मारलेली म्हणजे आठवड्याच्या आतला, असं त्यांचं निदान. असे नवखे हेरून ठेवायचे, बाजार बंद व्हायच्या आदल्या दिवशी आपल्याबरोबर त्यांच्याही वाटणीची भाजी घ्यायची आणि पहिल्या दिवशी दुपारी दारात जाऊन उभं राहायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम होता. आधी का सांगत नाही, असं मी विचारलं. "सांगून कोणी ऐकत नाही. बाजार बंद बघितला की मग पटतं," ते म्हणाले.

त्यानंतर काकांनी मला ताब्यात घेतलं. दर शनिवारी सकाळी चाकांची पिशवी ओढत ते पुढे आणि मी मागे, अशी आमची वरात बाजारात जाई. एअरकंडिशन्ड सुपरमार्केटचं त्यांना वावडं होतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या भाजीचा चेहरा दिसत नाही म्हणत. बाजारात मात्र ते प्रत्येक भाजीचं आपल्याकडचं नातं लावून देत. बायाम म्हणजे आपला माठ, घाबरू नकोस. तो लांबलचक पांढरा म्हणजे मुळाच, नुसता अंगाने वाढलाय. त्या बुटक्या चिनी पालेभाजीत पीठ पेरून बघ, माहेरची आठवण येईल. मी पेरलं, आणि खरंच आली. गुळाऐवजी तिथल्या माडाच्या गुळाचं पुरण घालायचं हे काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, शिकवलं. पहिल्या होळीला माझ्या पोळ्या तपकिरी काळ्या झाल्या तेव्हा काका पंगतीला बसल्यासारखे मांडी ठोकून बसले आणि एकामागून एक खात राहिले. रंगाला काय बघायचं, पुरण आतच असतं, असं म्हणाले. परक्या ठिकाणी रडकुंडीला आलेल्या बाईला असं वाक्य कोणी ऐकवलं, तर ती ते जन्मभर विसरत नाही.

भाजीवाल्या चिनी आंटीशी त्यांचं मैत्र पाहण्यासारखं होतं. ते तिच्याशी शुद्ध मराठीत बोलत, ती तिच्या भाषेत उत्तर देई, आणि दोघंही हसत. इंग्रजी ती फक्त नववर्षाच्या आदल्या दिवशी काढायची. काकांचा तो डोंगर पिशव्यांत भरता भरता दरवर्षी तिचा एकच प्रश्न असे, "अंकल, सो मेनी, आह? युअर फॅमिली व्हेरी बिग, इज इट?" काका पेन सावरत गंभीरपणे म्हणत, "व्हेरी बिग."

सणाच्या चालीरीती त्यांनी आम्हाला शिकवल्या त्या स्वतः पाळून. चिनी शेजाऱ्याकडे नववर्षाला दोन संत्री न्यायची, दोन्ही हातांनी द्यायची, चार नेऊन घोळ घालायचा नाही, कारण चार हा आकडा त्यांना चालत नाही. आणि निघताना शेजारी आपल्यालाही दोन संत्री देतो, ती नको नको न करता घ्यायची. काका सकाळी दोन संत्री घेऊन घरातून निघत, प्रत्येक घरी देत-घेत सबंध ब्लॉक फिरत आणि दुपारी दोन संत्री घेऊन परत येत. काकू म्हणायच्या, यांनी एवढ्या लोकांना एवढं दिलं, पण घरातलं काही म्हणून गेलं नाही. दिवाळीला हेच लोक काकूंच्या चकल्या खायला येत. शेजारची म्हातारी अननसाच्या वड्या करून आणी, आणि काका मांसाहार करत नाहीत म्हणून सणाच्या जेवणातलं टोफूचं भांडं आठवणीने वेगळं काढून पाठवी. आम्ही परदेशात राहतो आहोत हे त्या दिवसांत आम्ही विसरूनच जायचो.

मग एका पावसाळी डिसेंबरात काकू गेल्या. फार दिवस अंथरुणावर नव्हत्या, एवढंच त्यातलं बरं. मेलबर्नला असलेला मुलगा आला, महिनाभर राहिला आणि वडिलांना सोबत चला म्हणून हातापाया पडला. काका म्हणाले, "मी गेलो तर इथले लोक नववर्षाला काय खातील?" मुलाला वाटलं वडील चेष्टा करताहेत. आम्हाला माहीत होतं की ते अजिबात चेष्टा करत नव्हते. रिकाम्या घरात ते सकाळी उठत होते ते याच एका कारणासाठी.

पंचाईत अशी की सिंगापूर बदलत चाललं होतं. हळूहळू सणातही काही दुकानं उघडी राहू लागली, आणि नवीन येणारी मुलं विमानात बसायच्या आधीच इंटरनेटवर सगळं वाचून येऊ लागली. एका वर्षी काका बुओना व्हिस्टाला राहायला आलेल्या एका तरुण जोडप्याकडे कोबी घेऊन गेले. तिथल्या कॉन्डोत, म्हणजे खाजगी सोसायटीत, बांबू नसल्यामुळे पत्ता त्यांनी कुणाकडून तरी मिळवला होता. मुलगी फार गोड होती म्हणे. पाणी दिलं, थँक्यू अंकल म्हणाली, आणि आमच्याकडे सगळं आहे असं सांगून कोबी परत दिला. त्या दुपारी मी खाली आले तर ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत काका एकटे बाकावर बसलेले, चाकांची पिशवी पायाशी. मला पाहून म्हणाले, लोक शहाणे झाले, चांगलं झालं. पुढे आठवडाभर त्यांच्या घरातून कोबीचाच वास येत होता. मला त्या माणसाकडे बघवत नव्हतं.

म्हणून पुढच्या नववर्षाच्या पहिल्या दिवशी मी काकांना फोन केला आणि सांगितलं, या वर्षी गडबडीत भाजी भरायची राहिलीच. ते कडाडले. एवढी वर्षं राहून विसरतेस, डोकं कुठे असतं तुझं? इतका आनंदी ओरडा मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. थांब, आलोच, म्हणाले. आणि आलेच नाहीत. दुपार झाली, संध्याकाळ झाली, फोन उचलेनात. मी काळजीत पडले तेव्हा नवऱ्याने इकडेतिकडे चौकशी केली आणि प्रकार बाहेर आला. पुंगोलला राहायला गेलेले आमचे जुने शेजारी, शेजारच्या ब्लॉकमधलं बँकवालं कुटुंब, आणखी एक-दोन घरं, सगळ्यांना काकांचीच काळजी वाटत होती आणि सगळ्यांना तीच युक्ती सुचली होती. एका घराच्या जास्तीच्या भाजीवर काकांना सगळी मराठी वस्ती जगवायची होती. बाजार बंद, म्हणून ते भारतीय दुकानांच्या लिटल इंडियात जाऊन पिशव्या भरत होते, एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, आणत होते, पोहोचवून परत जात होते.

दिवेलागणीला ते आमच्याकडे आले. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, पेन तिरकं झालेलं, काखेत कोबी. मी पाणी आणायला वळले, तोवर ते कोबी ठेवायला थेट फ्रिजपाशी पोहोचले होते. सई आता शाळेत जायला लागली होती आणि शाळेतलंच इंग्रजी बोलत होती. ती मदत करायला धावली. "काका, नॉट दॅट साइड," ती म्हणाली, "दॅट साइड फुल ऑफ कॅबेज, लाह."

फ्रिज उघडाच राहिला. आत आम्ही आठवडाभरासाठी भरलेला माठ, मुळे, फरसबी आणि दोन घसघशीत कोबी. काकांनी हिशेब तपासावा तसा एकेक कप्पा वरपासून खालपर्यंत तपासला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नवरा भिंतीकडे बघत होता.

"पुंगोलवाल्यांनी वॉशिंग मशीनमध्ये लपवला होता," काका म्हणाले. "म्हणजे कोणीच उपाशी नव्हतं."

त्यांनी वाकून आमचे दोन्ही कोबी मागे सारले आणि आपला पुढे ठेवला. "आधी हा चिर. ताजा आहे," म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. "आणि पान वाढ मला. सकाळपासून एक मीच उपाशी आहे."

त्या पहिल्या होळीनंतर मी काकांना त्या दिवशीच पोटभर जेवताना पाहिलं. मधली इतकी वर्षं ते आमच्याकडे येऊन चहावर जात, आम्हाला खाऊ घालण्याच्या नादात त्यांना कोणी वाढलं की नाही हे पाहायचं आम्हा सगळ्यांचंच राहून गेलं होतं. त्यांनी कोबीची भाजी दोनदा मागून घेतली. ताकाचा पेला संपवून म्हणाले, मुलाला कळवतो आता, येतो म्हणून. मी म्हटलं, काका, आम्हाला तुम्ही हवे होतात, भाजीचं नुसतं निमित्त होतं. "ते कळलं म्हणूनच जाता येईल," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मे महिन्यात ते मेलबर्नला गेले. चाकांची पिशवी आमच्या दारात ठेवून गेले. भाजीवाल्या आंटीने मला ती ओढताना पाहिलं आणि अंकल कुठे म्हणून विचारलं. मुलाकडे गेले, सांगितलं, तर तिने माझ्या पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी जास्तीची टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्या वर्षी नाताळात फोन वाजला. मेलबर्नहून काका. खुशाली नाही, प्रस्तावना नाही. "अगं, इथे नाताळला सगळं बंद असतं," लॉटरी लागल्यासारख्या आवाजात ते सांगत होते. "दूधसुद्धा मिळत नाही. आणि आमच्या गल्लीत नागपूरचं एक जोडपं नुकतंच आलंय. आल्या आल्या त्यांनी कुंपणावर पापड वाळत घातले होते, तेव्हाच मी ओळखलं." मी विचारलं, मग कोबी दिलात का? ते म्हणाले, निघालोच आहे, तू फोन ठेव, ती लहान पोरं वाट बघत असतील. वाट कसली बघताहेत, त्यांना काका माहीतही नसतील अजून. पण मी फोन ठेवला, आणि स्वयंपाकघरात उभी राहून थोडी हसले, थोडी रडले.

पुढच्याच महिन्यात चिनी नववर्ष आलं. आदल्या दिवशी मी सगळी भाजी शहाण्यासारखी भरून ठेवली. पहिल्या दिवशी दुपारी घर शांत होतं, फ्रिज भरलेला होता, आणि बेल वाजवणारं कोणी नव्हतं. बाजार बंद असतो हे आता आपल्याला कधीच विसरता येणार नाही, याचं मला त्या दुपारी फार वाईट वाटलं.