सीधा पडद्यावर

सिंदी मेघेतल्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी एकदाच गेलो. भर दुपारी दुकानदार कोपऱ्यातल्या जाडजूड मॉनिटरवर गाड्यांचा जुना गेम खेळत होता. पन्नाशी उलटलेला माणूस, पण वळण आलं की खुर्चीसकट कलायचा.

"अजून चालतो हा?" मी विचारलं.

"याच मशीनवर. नव्यावर नाई." तो चष्मा वर सरकवत म्हणाला, "आताच्या गेमले पडद्यावर काही काढाचं असलं तं पहिले विंडोजले परवानगी मागा लागते. हा कोनाले इचारत नाई. सीधा पडद्याच्या मेमरीत जाऊन रंग टाकते. म्हनून नवं मशीन याले आत येऊच देत नाई."

माझा लॅपटॉप उघडता उघडता त्यानं दोनदा मोबाईल पाहिला आणि पालथा ठेवला.

"पोरगं पुन्याले हाये. पहिले मन झालं का फोन लावत होतो. आता म्हनते, बाबा, आधी मेसेज टाकत जा."

"मग टाकला?"

"सकाळीच."

पडद्यावर गाडी कठड्याला आदळून थांबली होती. काम झाल्यावर मी निघालो, तर तो दारापर्यंत आला.

"इकडून गेले तं येजा. फोन-गिन करू नका, सीधे आत या."