व्याह्यांच्या नावावर पडलेल्या बाटल्या

जिंतूरच्या आमच्या व्याह्यांनी बोलिंगच्या खेळात मला हरवलं, असं त्यांचा सगळा तालुका मानतो. ते साफ खोटं आहे. जिंकलो मी होतो! वय झालं, मनावर हे ओझं फार दिवस वागवलं. आता खरं काय ते लिहून टाकतो.

परभणीत गोळा टाकून बाटल्या पाडायचं नवं बोलिंग सुरू झालं, तेव्हा मुंजाजी, साहेबराव आणि मी, म्हणजे सकाळी एकत्र फिरणारे तिघे, तिथं जायला निघालो. नेमके त्याच दिवशी रंगनाथराव, माझ्या वर्षाचे सासरे, घरी आले. म्हटलं, चला तुम्हीही! तेवढ्यात वर्षाचा फोन.

“आप्पा, मामांना खूश ठेवा. संध्याकाळी मी त्यांना बी.एड.चं विचारणार आहे. ते हरले की दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. त्यांना हरवू नका!”

“अगं, मी आयुष्यात कुणाला हरवलंय?”

(पत्त्यात मला बायको हरवते. तेही भाकरी थापता थापता.)

तिथल्या मुलीनं गुणांच्या पाटीवर आमची नावं घातली. पहिला मी, दुसरे व्याही, मग हे दोघे. खेळायला उभे राहिलो आणि मानपान सुरू झाला.

“घ्या व्याही, पहिला मान तुमचा.”

“छे छे, तुमी टाका. आमी पाव्हणे.”

“पाव्हण्याचाच मान असतो की!”

“आवो, तुमचं गाव, तुमी आधी!”

मागे रांग लागली. शेवटी मी व्याह्यांना दंडाला धरून पुढं लोटलं.

व्याही वाकले, गोळा सोडला. गोळा सरळ बाजूच्या नालीत! दुसराही नालीतच! पण व्याह्यांची कंबर अशी की, एकदा वाकले की सरळ होताना चढावरची एसटी बरी. त्यांनी मान वर करेपर्यंत यंत्राच्या दांडीनं उभ्या बाटल्या झाडून नेल्या होत्या. समोर सगळं मोकळं!

“सगळ्या गेल्या की!” व्याही म्हणाले.

“गेल्या!” आम्ही तिघेही ओरडलो. (यात खोटं काहीच नव्हतं.)

मग मी. हरायचं ठरवून, डोळे मिटून, गोळा नालीकडं सोडला. तो डुलत डुलत गेला, मध्येच वळला आणि धडाड्! एकूण एक बाटल्या आडव्या! आणि मी काय केलं? उडी मारली! सत्तरीत! मुंजाजीला मिठी मारली. लेक, बी.एड., व्याही, सगळं विसरलो!

मुंजाजी कानात खेकसला, “आरं, काय करायलास? लेकीचा इचार कर!”

पुढच्या डावाला मी डाव्या हातानं टाकला. धडाड्! त्याच्या पुढच्या डावाला पाठमोरा उभा राहून दोन पायांमधून सोडला. धडाड्! बाजूचे लोक त्यांचा खेळ सोडून टाळ्या वाजवायला लागले.

“आता झोपून टाक,” साहेबराव म्हणाला. “त्येबी जमंल तुला.”

खेळ संपला. पाटीवर पाहिलं, तर रंगनाथराव पहिले आणि मी शेवटचा! नाव माझं आधी होतं, मानापानात टाकलं व्याह्यांनी आधी. यंत्राला व्याह्यांचा मान काय कळणार? त्यांच्या नाल्या माझ्या नावावर चढल्या आणि माझ्या बाटल्या त्यांच्या!

आयुष्यातला एकुलता एक विजय! मी तोंड उघडलं. मुंजाजीनं माझ्या पायावर पाय दिला. आणि व्याही फोनवर ओरडत होते, “पोरी, तुझ्या बापाला हरवलं! लय हरवलं! माग काय पायजे ते!”

पोरीनं मागितलं. मी तोंड मिटलं.

वर्षा बी.एड. झाली, शाळेत लागली, तिला मूल झालं. आता कसली भीती? गेल्या महिन्यात मी व्याह्यांना खरं सांगून टाकलं.

“आसं व्हय?” ते म्हणाले. “चला मंग, दाखवा टाकून.”

पुन्हा आम्ही चौघे गेलो. या वेळी मानपान नाही, दयामाया नाही! जीव ओतून गोळा सोडला. नालीत. पुन्हा सोडला. नालीत. डोळे मिटले, हात बदलला, पायांमधून टाकला. नाली, नाली, नाली! मी साक्षीदाराकडं पाहिलं.

“मला तर कायबी आठवंना,” मुंजाजी म्हणाला.

व्याह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “व्याही, हारलात तर हारलात. त्यात काय लाजायचं? मी शिकवतो की!”

तेव्हापासून दर रविवारी ते जिंतूरहून येतात आणि मला गोळा धरायला शिकवतात. परवा खूश होऊन म्हणाले, “जमायलंय बरं का. आता आपल्या नातवासंगं खेळायला हरकत न्हाई.”

नातू अजून रांगतो.