आईचा कुठला फोटो

आई गेली तेव्हा तेराव्याच्या आत तिचा फोटो भिंतीवर लागायला हवा होता, आणि आम्हा दोघी बहिणींचं कुठल्या फोटोवर एकमत होईना. आमच्या पनवेलकडच्या गावात माणूस गेलं की नाक्यावर बॅनर लागतो आणि घरात फोटो. बॅनरला बाबांनी साफ नाही म्हटलं. फोटोचं मात्र आमच्यावर सोपवलं, तिथेच चुकलं.

आईला कोड होतं. माझ्या जन्मानंतर कधीतरी हनुवटीवर एक ठिपका उठला, मग ओठ, मग नाकाच्या एका बाजूपर्यंत पांढरं पसरत गेलं. हे लागत नाही, असं डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं. लोकांनीही शंभरदा मान डोलावली. पण हळदीला नवरीपुढे बायकांची झुंबड उडायची तेव्हा आईला कुणी हाक मारायचं नाही. वाईट कुणी कधीच बोललं नाही, आमची माणसं तशी फार चांगली. आई आपणहून मागे राहायची आणि पदराचं टोक ओठांशी धरायची. कॅमेरा दिसला की तिला नेमकं गॅसवर ठेवलेलं काहीतरी आठवायचं.

त्यामुळे फोटो मोजकेच. त्यातला एक धाकटीने स्टुडिओत दिला. स्टुडिओवाल्याने न सांगताच कोड पुसून टाकलं, वर गाल थोडे गुलाबी केले. तो फोटो मोबाइलवर आला आणि माझं डोकंच फिरलं. ही बाई कोण? मी ठरवून टाकलं होतं, आईचा खरा चेहरा लागणार, डागांसकट. मी कॉलेजात शिकवते, मला अशी तत्त्वं पटकन सुचतात.

धाकटी रडत म्हणाली, "जिवंतपणी नाही मिळालं तिला, आता तरी मिळू दे ना. तुझं काय जातंय?"

"म्हणजे मेल्यावरही आपणच तिला सांगायचं, की तुझं तोंड दाखवण्यासारखं नव्हतं?"

दोघींचंही खरं होतं. आईला काय हवं होतं, ते मात्र दोघींनाही ठाऊक नव्हतं. जन्मभर तिच्या तोंडाकडे न बघण्याची आम्ही इतकी काळजी घेतली होती की विचारायचं राहूनच गेलं. याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

बाबा ओटीवर बसून सगळं ऐकत होते. ते उठले, कपाटातून आईचा मोबाइल काढून आणला आणि तिचा डीपी आमच्यापुढे धरला.

"यो लावा."

फोटोत आईने मास्क लावलेला होता.

तो कोरोनाच्या काळातला. उरणकडे बाबांच्या मित्राच्या घरी हळद होती. तिथे आईला आधी कुणी पाहिलेलंच नव्हतं. एका बाईने तिचा हात धरला आणि थेट नवरीपुढे नेऊन बसवलं. आईने नवरीच्या दोन्ही गालांना हळद लावली. फोटो बाबांनीच काढलेला, म्हणून थोडा हललेला. हात पिवळे, आणि मास्कच्या वर डोळे इतके हसणारे की मला क्षणभर ओळखूच येईनात. त्या दिवसानंतर ती सगळीकडे जायला लागली. बाजारात, भजनाला, शिरढोणला माहेरी, आणि सगळीकडे पुढे. लोकांचे मास्क उतरले, हिने काढला नाही. कुणी म्हणालं, "गेला की कोरोना," तर "धुळीचा तरास हाय," अशी थाप मारून मोकळी.

"पण यात तोंडच दिसत नाही," मी म्हटलं.

"तिनं सोता लावलाय तो," बाबा म्हणाले. "दुसरा कंचा लावला तिनं?"

धाकटीने डोळे पुसले आणि तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेतला. मला पटलं नव्हतं. बाईला हसायला तोंड झाकावं लागतं, तेच फ्रेम करून भिंतीवर टांगायचं? पण निवड तिची होती, आणि तिच्या आयुष्यात तिच्या निवडीचं फार काही नव्हतं. फोटो लागला.

तेराव्याला येणारा प्रत्येकजण वर बघून आवाज खाली आणायचा. "कोरोनानं गेली?" नाही हो, हार्टचं होतं, हे सांगून सांगून धाकटी थकली.

दुपारी आमची एक चुलती आली. तिच्या मुलींच्या हळदीला आईने दिवसभर मागच्या दारी भांडी विसळली होती. चुलती फोटोसमोर थांबली, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. अगदी मनापासून म्हणाली, "काय सुंदर दिसते गो बाय माझी."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आदीपन तशीच व्हती," ते म्हणाले.