मोठ्या बाईंचा आवाज

ज्या शाळेत मी झाडलोट करण्याचे व पाणी भरण्याचे काम करते, त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून मोठ्या बाईंशी माझा परिचय झाला. पुढे शाळा सुटल्यावर त्या आम्हा वयस्क बायकांचा वर्ग घेऊ लागल्या, आणि साठी उलटल्यानंतर मी त्यांच्याकडून अक्षरे शिकले. जे मी स्वतः पाहिले व ऐकले, तेवढेच येथे लिहावे असा माझा निश्चय आहे.

‘मोठ्या बाई’ हे नाव जुने होते. पूर्वी शाळेत धाकट्या बाईही होत्या. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा रिकामीच राहिली. तेव्हा मोठ्या बाईंनी पहिली ते चौथीची सर्व मुले एका लांब खोलीत आणली. दोन वर्ग एका भिंतीकडे तोंड करून बसत, दोन दुसऱ्या भिंतीकडे. मधल्या वाटेत उभ्या राहून बाई एकीकडे कविता म्हणवून घेत आणि दुसरीकडे खडूने गणित मांडून देत. शिवाय मुख्याध्यापिकेची कामे होतीच. हजेरी मोबाइलवर पाठवायची, पुस्तके वाटली तर त्याचा फोटो पाठवायचा, झाड लावले तर त्याचाही.

“फोटो नसेल ना मावशी, तर झाड उगवलंच नाही असं धरतात,” असे त्या मला म्हणत.

शाळेच्या खिडक्यांना लागून पत्रे कापण्याचा कारखाना होता. खिडक्या लावल्या तर मुले घामाने निथळत. उघडल्या तर बाईंना यंत्राच्या वरताण बोलावे लागे. कारखान्याचे मालक एकदा कुंपणापाशी येऊन म्हणाले, “बाई, तुमच्यापुढे माझं मशीन मुकं वाटतं हो!”

“मग पाठवा त्याला वर्गात. तुमच्या आधी पाढे पाठ करेल,” बाई म्हणाल्या.

मालक ओशाळून हसले. त्यानंतर ते दुपारी थोडा वेळ यंत्र बंद ठेवू लागले. काम वाढले की ही सवलत मिळत नसे.

याच सुमारास बाईंचा घसा वरचेवर बसू लागला. एकदा शाळेच्या किल्ल्या देण्यास मी त्यांच्या घरी गेले होते. यजमान पूर्वीच वारले होते. घरी बाई आणि त्यांची लेक, दोघीच. लेक औषधांच्या दुकानात कामास जात असे. बाईंनी मला बसण्याची खूण केली, पेला चमच्याने वाजवून लेकीला पाणी आणण्यास सुचवले, आणि पुन्हा पेपर तपासू लागल्या.

“बघितलंत, मावशी?” लेक म्हणाली. “घरात हे असं. सगळा आवाज शाळेसाठी राखून ठेवलाय आईनं. परवा मी तापानं फणफणले होते, तर विचारपूससुद्धा हातवारे करून.”

बाई आवाज न करता हसल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. लेकीने तो बाजूला केला.

“हसू नकोस, आई. तुझ्या तोंडून माझं नाव शेवटचं कधी ऐकलं, ते मला आठवत नाही.”

डॉक्टरांनी घशात गाठी असल्याचे सांगितले होते. काही महिने एकही शब्द बोलू नये, अन्यथा आवाज कायमचा जाईल, असे त्यांनी बजावले होते. म्हणून बाईंनी रजा मागितली, आणि आपल्या जागी कोणी शिक्षक द्यावा अशी विनंती केली. त्यावर तपासणीचे साहेब स्वतः शाळेत आले. मी पाणी घेऊन गेले असल्यामुळे पुढील बोलणे माझ्या कानांवर पडले.

“रजा घ्या की. कोण नको म्हणतंय?” साहेब म्हणाले. “पण माझ्याकडे बदली माणूस नाही. शाळेला कुलूप लावू, आणि मुलं जातील मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत.”

“पहिलीतली पोरं तो रस्ता ओलांडणार?”

“आईबाप आहेत ना सोडायला.”

“आईबाप उजाडायच्या आत कामावर जातात, साहेब.”

“मग काय, मी येऊन शिकवू?”

“या ना. चौथीचा भागाकार अडलाय.”

साहेब मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी अर्ज मागे घेतला.

लेकीने कंबरेला बांधण्याचा एक छोटा स्पीकर आणून दिला. त्याने काही दिवस निभावले. नंतर चौथीला शिकवत असता एके दिवशी बाईंचे ओठ हलत राहिले आणि शब्द उमटेना. मुलांना तो खेळ वाटला. तीही नुसते ओठ हलवू लागली. बाईंनी फळ्याला पाठ टेकली व डोळे मिटले, तेव्हा कोठे मुले थांबली.

शस्त्रक्रिया झाली. आवाज परत आला नाही; बोलू गेल्यास केवळ वारा बाहेर पडे. बाई पुन्हा रुजू झाल्या, तोवर साहेबांनी वर्गासाठी मोठा पडदा पाठवला होता. त्यावर तयार धडे चालत. पडद्यावरील बाई तरुण व टापटीप होत्या, आणि त्यांचा घसा कधी बसत नसे. मोठ्या बाई शेजारच्या खोलीत माहिती भरण्याच्या कामास बसल्या. पाहुणे येत, दारातून डोकावत आणि म्हणत, “वा! काय शिस्त आहे!”

मी दारापाशी फरशी पुसत असताना दुसरीतील एका मुलीने पडद्याकडे पाहून हात वर केला. “समजलं ना सगळ्यांना? शाब्बास!” असे म्हणून पडद्यावरील बाई पुढे गेल्या. मुलीचा हात दुखू लागला, तेव्हा तिने त्याला दुसऱ्या हाताचा आधार दिला. मी जाऊन मोठ्या बाईंना सांगितले. त्या आल्या, तिच्याजवळ जमिनीवर बसल्या, आणि खडे मांडून त्यांनी तिला वजाबाकी समजावली. त्यानंतर असे रोज घडू लागले.

ते फार काळ चालू दिले गेले नाही. ज्यांना बोलता येत नाही, त्यांना शिक्षकपदावर ठेवता येत नाही, असे कळवून बाईंना शहरातील कचेरीत टेबलाचे काम दिले गेले. त्या गेल्या त्या दिवशी लेक न्यायला आली होती. “तुझं बोलणं संपलं ते संपलंच, निदान आता तू तरी घरी लवकर येशील,” असे ती आईला म्हणाली आणि रडू लागली.

शाळा चालू आहे. पडदा आहे, आणि कुलूप-किल्लीसाठी मी आहे. ती मुलगी आता चौथीत असून तिला वजाबाकीच्या पुढे काही येत नाही. वर्गात कोणीही हात वर करत नाही.

खडे मांडून झाल्यावर त्या दिवशी बाईंनी मुलीचीच पाटी घेतली होती, आणि तिच्यावर माझ्यासाठी लिहिले होते: “मावशी, काम झालं की वर्गात बसत जा. कोणी हात वर केला, तर मला बोलवा.”