शिंप्याच्या खांद्याची नोंद

दवाखान्यात त्यांना सगळे व्यायामबाई म्हणत. फिजिओथेरपिस्ट हा शब्द निम्म्या पेशंटांच्या तोंडात बसत नसे आणि उरलेल्यांना तो उच्चारायचा कंटाळा. तळमजल्यावर अगदी टोकाची खोली, दोन पलंग, भिंतीला ठोकलेली लाकडी शिडी आणि कपाटात बावीस वर्षांच्या वह्या. त्या वह्यांवर बाईंचा फार जीव. हात किती अंश वर गेला, गुडघा किती वाकला, दुखणं दहापैकी किती, सगळं मोजून तारखेसकट लिहिलेलं. कुणी म्हणालं, "आता बरं वाटतंय," की बाई म्हणत, "वाटण्याचं राहू द्या, हात वर करून दाखवा."

त्या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, प्रत्येक विभागाने एक केस रिपोर्ट लिहायचा. एकाच पेशंटची हकिगत: काय होत होतं, काय केलं, त्याला कोणत्या अभ्यासाचा आधार होता आणि गुण आला तो कशावरून म्हणायचं. चांगला असेल तो छापायला पाठवायचा.

बाईंना विचार करावा लागला नाही. शिंपीकाका. बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान, वय बासष्ट, उजवा खांदा आखडलेला. आले तेव्हा हात जेमतेम कानापर्यंत जायचा. आठ आठवड्यांत तो डोक्यावर गेला. दुखणं सातावरून चारावर आलं. काका जाताना म्हणालेसुद्धा, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे." रिपोर्टसाठी त्यांनी फोटो काढू दिले, सही दिली. असा पेशंट शोधून सापडत नाही.

रविवारी दुपारी बाई जेवणाच्या टेबलावर कागद, काकांची वही आणि फोटोंचं पाकीट घेऊन बसल्या. समोर ताई. बाईंची थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका. हातात लाल पेन्सिल असल्याशिवाय तिला काही वाचताच येत नसे.

"व्याकरण तेवढं बघ," बाई म्हणाल्या.

ताईने पहिलं पान वाचलं, दोन अनुस्वार दिले आणि थांबली. "इथे लिहिलंयस, दुखणं कमी झालं. खाली लिहिलंयस, गोळी दिवसाला एक होती, त्या तीन झाल्या. मग दुखणं कशाने कमी झालं, तुझ्या व्यायामाने की गोळ्यांनी?"

"व्यायामाने. हात वर गेला ना."

"ते मला नको सांगूस. कागदाला सांग."

बाई किंचित चिडल्या. पण प्रश्न चुकीचा नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टमध्ये त्यांनी हेच बोट ठेवलं असतं. त्या पुढच्या रकान्याकडे वळल्या. तिथे रिपोर्टच्या ठरलेल्या नमुन्यात छापलेलं होतं: विचारात घेतलेली इतर निदानं, आणि ती का नाकारली.

त्या रकान्यात त्यांना काहीच लिहिता येईना.

इतर निदानं त्यांनी विचारात घेतलीच नव्हती. खांदा आखडलाय असं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून आलं होतं, त्यांनी तो आखडलेला खांदा म्हणून हाताळला. बाईंनी वही पुढे ओढली. आता तरी नीट लिहू म्हणून पहिल्या दिवसापासून एकेक ओळ वाचायला लागल्या.

पहिला दिवस: हात स्वतः उचलताना दुखतो, मी उचलला तर जवळजवळ पूर्ण जातो. बाई तिथेच अडल्या. आखडलेला खांदा कुणीही उचलला तरी अडतो. हा अडलाच नव्हता. त्याखाली: तीस वर्षं सिगारेट, चार वर्षांपूर्वी सोडली. तिसरा आठवडा: करंगळीत मुंग्या. पाचवा आठवडा: सुई धरताना पकड ढिली, वयामुळे असेल. सहावा: रात्री दुखण्याने झोप नाही, आज उजवी पापणी जड दिसते.

सगळं त्यांच्याच अक्षरात. सुबक, तारखेसकट.

त्यांनी फोटोंचं पाकीट उघडलं. पहिल्या दिवशीचा आणि शेवटच्या दिवशीचा फोटो शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींत काका हात वर करून उभे. पण बाई हाताकडे बघत नव्हत्या. शेवटच्या फोटोत उजवी पापणी अर्ध्यावर उतरली होती आणि त्या डोळ्यातली बाहुली डाव्यापेक्षा लहान होती. आणि वर उचललेल्या पंजात, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे, मांस असायला हवं तिथे खळगा पडला होता.

"काय गं?" ताईने विचारलं. "काय दिसलं?"

"हा खांदा नाहीये," बाई म्हणाल्या.

त्यांनी लगेच काकांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग आठवलं, मागच्या बुधवारी काका पुन्हा दाखवायला यायचे होते ते आलेच नव्हते. तेव्हा बाईंना बरंच वाटलं होतं. बरा झालेला माणूस कशाला येईल?

सोमवारी दुकानं उघडायच्या वेळेला त्या गल्लीत पोचल्या. दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. आत काका डाव्या हाताने कापड कापत होते आणि काकू दोन्ही हातांनी कापड ताणून धरत होत्या. कापाची रेघ वाकडी गेली होती. चाळीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाच्या हातची ती रेघ नव्हती.

"बाई, तुम्ही इकडे कुठे?" काका हसले. हसतानाही उजवी पापणी अर्ध्यावरच राहिली. "येणार होतो मी. जरा उजव्याला विश्रांती म्हणून..."

"काका, एक विचारू? घाम दोन्ही बाजूंना येतो का, तोंडावर?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. "गंमत बघा, महिना झाला, या बाजूला येतच नाही. इस्त्रीपाशी उभं राहिलं तरी अर्धं तोंड कोरडं. मी हिला म्हटलंसुद्धा, रुमाल आता अर्धाच लागेल."

काकू हसल्या. बाईंना हसता आलं नाही. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"चला," बाई म्हणाल्या. "एक एक्स-रे काढू. खांद्याचा नाही, छातीचा."

एक्स-रेची खोली व्यायामाच्या खोलीला लागूनच होती, मधे एक भिंत. आठ आठवडे काका त्या दारावरून गेले आणि आले होते. तंत्रज्ञाने फिल्म उजेडावर लावली आणि तो बाजूला सरकला. उजव्या फुफ्फुसाचं वरचं टोक काळं दिसायला हवं, तिथे पांढरा गोळा बसला होता. तोच वर हाताकडे आणि चेहऱ्याकडे जाणाऱ्या नसांना रेटत होता. पुढच्या तपासण्यांनी त्याला कर्करोग हे नाव दिलं, पण बाईंना ते रविवारी दुपारीच कळलं होतं.

काकांना आणि काकूंना छातीच्या डॉक्टरांनी सगळं सांगितलं. ते सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "हे मला आधी दिसायला हवं होतं. माझ्याच वहीत होतं."

काकांनी उजवा पंजा उलटसुलट करून पाहिला. "मलाही दिसत होतं की," ते म्हणाले. "सुई निसटायची. मला वाटलं, वय झालं."

मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बोलावून घेतलं. आवाजात राग नव्हता. "हा रिपोर्ट राहू द्या. गुडघ्याच्या त्या आजींचा लिहा. तुमच्या कपाटात बऱ्या झालेल्यांची काय कमी आहे?"

"आजींचा लिहून कुणाला काय कळणार, सर? गुडघा वाकतो हे सगळ्यांना माहीत आहे."

"नाव तुमचं जाईल, खोलीवर बोट ठेवतील."

"ठेवू देत."

त्यांनी तो पुन्हा लिहायला घेतला, या वेळी उलट्या बाजूने. कोणती खूण कोणत्या आठवड्यात दिसली, तेव्हा मी काय समजले, अभ्यास काय सांगत होते आणि मी ते कुठे ताडून बघितलं नाही. ताईची लाल पेन्सिल फारशी चालली नाही. सहकाऱ्यांपैकी एकजण त्या आठवड्यापासून बाईंशी बोलायचा बंद झाला. स्वतःच्याच चुकीची दवंडी पिटणं त्याला पटत नव्हतं.

छापायला पाठवण्याआधी बाई काकांच्या घरी गेल्या आणि त्यांना सगळं वाचून दाखवलं. काका उशांना टेकून ऐकत होते. मग दोन वाक्यांमधे दम घेत ते म्हणाले,

"सगळीकडे रुग्ण रुग्ण काय लिहिलंय? शिंपी लिहा. बोटांचं काम होतं म्हणून पकड गेलेली कळली. दुसऱ्या कुणाला कळली नसती."

खरंच होतं. बाईंनी तिथेच दुरुस्ती केली. काकांनी नवी सही डाव्या हाताने दिली.

रिपोर्ट छापून आला तेव्हा काकांना जाऊन दोन महिने झाले होते. अंक घेऊन बाई दुकानात गेल्या. मशीनवर झाकण होतं. काकूंनी पानं उलटली, फोटोवर थांबल्या. ओळख लपवायला डोळ्यांवर काळी पट्टी छापली होती तरी हात ओळखू येत होता.

"आठ आठवडे आधी कळलं असतं," काकूंनी विचारलं, "तर वाचले असते?"

रिपोर्टच्या शेवटी बाईंनी त्याबद्दल एक वाक्य लिहिलं होतं: एका पेशंटच्या नोंदीवरून हे सांगता येत नाही. लिहिताना ते बरोबर वाटलं होतं. आता तेच तोंडाने म्हणायला जड जात होतं.

"माहीत नाही, काकू. कदाचित थोडे दिवस जास्त मिळाले असते. कदाचित तेही नाही. मला खरंच माहीत नाही."

काकूंनी अंक मिटला आणि मशीनच्या झाकणावर ठेवला. बाईंना बसा म्हणाल्या नाहीत, जा असंही म्हणाल्या नाहीत. बाहेर कुणीतरी पँटची लांबी कमी करून मिळेल का म्हणून विचारत होतं. काकू दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "आता नाही."