साळवे बाईंचा मोजका दम

साळवे बाई बोलण्याआधी डावा तळहात वर करायच्या, चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखा. म्हणजे समोरच्यानं गप्प बसायचं. मग नाकातल्या नळीतून एक श्वास ओढायच्या, तीन-चार शब्द बोलायच्या आणि हात खाली घ्यायच्या. पहिल्या भेटीत मला हा प्रकार अजिबात आवडला नाही. मला वाटलं, बाई नाटक करतायत.

तेव्हा मला सगळेच नाटक करताना दिसायचे. कांजूरमार्ग पूर्वेच्या आमच्या वसाहतीत डंपिंगच्या वासाविरुद्ध समिती होती आणि तिची पत्रकं मी लिहायचे. लिहायचे, वाटायचे, दारोदार फिरून सह्या गोळा करायचे. चोविसाव्या वर्षी मला माणसांचे दोनच प्रकार माहीत होते, सही करणारे आणि विकले गेलेले. वासाच्या तक्रारींवर सरकारी सुनावणी लागली होती आणि समितीला आजारी माणसांचे जबाब हवे होते. साळवे बाई समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायच्या. खिडकी थेट डंपिंगकडे, आणि फुप्फुसं दिवसेंदिवस कडक होत चाललेली. असा जबाब शोधून सापडला नसता. मी कागद टाइप करूनच घेऊन गेले. 'माझा आजार डंपिंगमुळे झाला आहे.' खाली सहीपुरती जागा.

बाईंनी कागद वाचला. परत पहिल्यापासून वाचला. तळहात वर झाला.

"डॉक्टरला माहीत नाही. मला माहीत नाही. तुला बरं माहीत."

"मावशी, सगळ्यांना माहीत आहे."

"मग सगळ्यांची सही घे."

कागद परत माझ्या हातात. तेवढ्यात माझं लक्ष कॉटशेजारच्या ऑक्सिजनच्या मशीनकडे गेलं. त्यावर आमच्या माजी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो चिकटवलेला होता. हा गृहस्थ आमच्या प्रत्येक मोर्चात पुढच्या रांगेत फोटोपुरता उभा राहायचा आणि नंतर फोन उचलायचा नाही. मी मनात म्हटलं, असं आहे तर.

"हे त्यांनी दिलं?"

"दिसतंय की."

"आणि तुम्ही घेतलंत?"

"श्वास घ्यायचा होता."

आतून सून मनीषा बाहेर आली. कुरियरच्या गोदामात कामाला जाते, कुणाला घाबरत नाही. "मी फॉर्म भरलाय, मी रांगेत उभी राहिलेय. फोटोमुळे हवा कमी येते का गं?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं, पण ते मी पत्रकासाठी ठेवलं.

निघताना आणखी एक गोष्ट खटकली. बाईंची खुर्ची बंद खिडकीला टेकवलेली होती आणि त्या काचेला नाक लावून बसल्या होत्या. मला वाटलं, कचऱ्याचा डोंगर बघतायत. विचारलं तर म्हणाल्या, "चंद्र कुठंय बघते." बाहेर श्रावणातलं आभाळ, काळंकुट्ट. मी म्हटलं, "दिसत तर नाहीये." बाई म्हणाल्या, "कॅलेंडरवर आहे ना."

मला संताप आला. समोर अख्ख्या शहराची घाण रचलेली, आणि या चंद्र शोधतायत. त्याच आठवड्यात मी एका पत्रकात लिहिलं होतं, लोकांना आकाशाकडे बघायची सवय लावली की त्यांच्या पायाखाली काहीही आणून ओतता येतं. ते वाक्य मला फार आवडलं होतं. साळवे बाई म्हणजे त्या वाक्याचा चालताबोलता पुरावा वाटल्या. चालत फारशा नव्हत्या, एवढंच.

सहीसाठी मी फेऱ्या मारत राहिले तेव्हा कळलं, आजारपण त्या पौर्णिमांनी मोजायच्या. "वैशाखात विहारात चालत गेले. ज्येष्ठात जिन्यात बसले. आषाढात खुर्चीतून नेलं." तक्रार नाही, बसची वेळ सांगावी तसं. पौर्णिमेला मनीषा पांढरी साडी नेसवून द्यायची, खीर व्हायची, आणि संध्याकाळी डंपिंगच्या मागून चंद्र वर आला की बाई काचेतून त्याच्याकडे पाहत बसायच्या. मी एकदा टोचून विचारलं, "काय मिळतं बघून?" म्हणाल्या, "तो काही विचारत नाही. तुझ्यासारखं."

बाई तीस वर्षं एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात होत्या. मोठा छापील कागद दुमडला की सोळा पानांचा फर्मा होतो. बाईंचं काम फर्मे दुमडायचं आणि शिवायचं. हात चालायचे तसे डोळेही चालायचे. पण वाट्याला यायचा तो एखाददुसरा फर्मा. बाकीचं पुस्तक दुसऱ्या टेबलावर. "पोरगी घर सोडून निघाली. पेटी घेतली. फर्मा संपला." पुढचा फर्मा शेजारणीकडे होता आणि शेजारणीला वाचता येत नव्हतं. "कुठं गेली ती पोरगी, अजून माहीत नाही." कितीतरी कादंबऱ्यांची सुरुवात आणि कितीतरी कादंबऱ्यांचा शेवट बाईंना पाठ होता, पण एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांनी एकच पुस्तक वाचलं होतं, विहारातला ग्रंथ. आमच्याकडे वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी तो मोठ्यानं वाचतात. आमच्या विहारात वाचायच्या साळवे बाई. एकवीस वर्षं. हे बाविसावं. दिवेलागणीला त्यांना खुर्चीतून खाली आणायचे, मागोमाग मशीन, एक्स्टेंशन बोर्ड, आणि नगरसेवकाचा फोटो भिंतीकडे तोंड करून. पूर्वी अर्धा तास वाचायच्या. आता दीड-दोन पानं. प्रत्येक स्वल्पविरामाला थांबायच्या आणि पन्नास माणसं त्यांच्याबरोबर थांबायची. इतर बायकांनी "आम्ही वाचतो" म्हटलं की बाई मान हलवायच्या. या वेगानं पुस्तक पौर्णिमेपर्यंत संपणार नाही हे सगळ्यांना कळत होतं.

मी तिकडे फिरकत नव्हते. ज्या लोकांनी वाचून भांडायचं, ते वाचून शांत बसायला शिकलेत, असं मी आईला सुनवायचे. आई पांढऱ्या साडीची घडी मोडत म्हणायची, "तू बस बाई भांडत. आम्ही ऐकून येतो."

मनीषाकडून मला कळलं की बाई हल्ली दिवसभर घरातसुद्धा बोलत नाहीत. "आमच्याशी खुणा करते. नातवाला हाक मारायची तर चमचा वाजवते. सगळा दम संध्याकाळसाठी राखते." हे ऐकून माझं मन पाघळायला हवं होतं. मला राग आला. म्हणजे बाईंकडे दम होता. पोथीसाठी होता, सुनावणीसाठी नव्हता.

मग मी पत्रक काढलं. त्यात एक ओळ होती, 'काही जणांनी एका मशीनच्या बदल्यात तोंडं बंद केली आहेत.' वसाहतीत असं मशीन एकच होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावणं पाठवलं. पत्रक मांडीवर, चष्मा नाकावर.

"काही जण म्हणजे मीच ना?"

"नाव लिहिलेलं नाही."

"लिहायचंस की. उगाच दुसऱ्यांना घोर." मग थांबल्या. बोट पत्रकाच्या खालच्या कडेवर ठेवलं. "समास सोडला नाहीस. कापताना ओळ जाईल." परत श्वास. "आणि हे वाच. मोठ्यानं."

त्यांनी दाखवलेलं वाक्य सहा ओळींचं होतं. प्रशासन, ठेकेदार, मुर्दाडपणा, पुढच्या पिढ्या, सगळं एकाच वाक्यात. चौथ्या ओळीला मला धाप लागली.

"बघ," बाई म्हणाल्या. "तुझी फुप्फुसं चांगली आहेत तरी."

मी माफी मागितली नाही. नंतरही कधी मागितली नाही, ते राहिलंच. त्यांनीही सुनावणीचा विषय काढला नाही. मी उतरताना इतकंच ठरवलं की बाई हुशार आहेत, आणि हुशार माणूस जास्त महाग विकला जातो.

सुनावणी आश्विनात होती, पौर्णिमेला अकरा दिवस उरले असताना. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आमच्या बाजूनं सात माणसं बोलून गेली. अधिकारी प्रत्येकाला एकच विचारत होता, "वैद्यकीय पुरावा आहे का?" नसायचाच. तो मान खाली घालून पुढचं नाव घ्यायचा. तेवढ्यात जिन्यात गडबड झाली आणि समितीतल्या दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीतून साळवे बाईंना वर आणलं. मागे मनीषा, हातात छोटा सिलेंडर. मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, ही आता नगरसेवकाच्या बाजूनं बोलणार.

तळहात वर झाला. अधिकारीसुद्धा थांबला.

"माझी खिडकी पूर्वेला. पौर्णिमेला चंद्र समोरून येतो." श्वास. "चार वर्षं काचेतून बघते. खिडकी उघडता येत नाही. वास." श्वास, लांबलचक. "आजार कशानं, माहीत नाही. खिडकी कशानं बंद, ते माहीत आहे. मीच लावलीय."

अधिकाऱ्यानं या वेळी पुरावा मागितला नाही. तो लेखनिकाला म्हणाला, "खिडकीचं घ्या." लेखनिकानं विचारलं, "चंद्राचं पण लिहायचं?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "लिहा. श्वास घालवलाय त्यावर."

माझ्या टाइप केलेल्या कागदावर त्यांनी सही केली असती तर अधिकाऱ्यानं 'कारण सिद्ध नाही' म्हणून तो बाजूला सारला असता, हे मला तिथं, त्या हॉलमध्ये कळलं. आणि इतके दिवस मी ज्या चंद्रावर चिडले होते, तीच त्यांची तक्रार होती.

त्या संध्याकाळी विहारात बाईंनी चार ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं.

"तू वाच."

"मी? मावशी, माझी श्रद्धा वगैरे नाही."

"अक्षरं येतात ना?"

"आई आहे, बाकीच्या बायका आहेत. त्या छान वाचतील."

"त्या गातात." श्वास. "तू भांडतेस. भांडल्यासारखं वाच." मग माझं मनगट धरलं. बोटं गार होती. "पान गाळायचं नाही. एकपण."

मला आजही संशय आहे की बाई सुनावणीला आल्या त्या याच हिशेबानं. माझ्यासाठी दम खर्च करायचा आणि मग माझा मागून घ्यायचा. मनीषाला विचारलं तर म्हणते, "तू ना, मेलेल्या माणसालाही सोडत नाहीस." तिला माहीत असावं. सांगत नाही.

मी वाचलं. उरलेली पानं दहा दिवसांत बसवायची तर रोज तास-सव्वा तास. पहिल्या दिवशी घोषणा दिल्यासारखं वाचलं. बाई समोर खुर्चीत होत्या. दोनदा तळहात वर करून त्यांनी मला वेग कमी करायला लावला. पाच दिवस त्या अशा ऐकत होत्या. सहाव्या दिवशी त्यांना हॉस्पिटलात हलवलं. मग मी माझा फोन माइकजवळ ठेवायला लागले आणि तिकडे मनीषा तिचा फोन त्यांच्या उशीवर. मध्ये मध्ये पलीकडून तिथल्या मशीनचा आवाज यायचा. तो येतोय तोवर ठीक, असं विहारात सगळेच धरून चालले होते.

नवव्या दिवशी मी एका वाक्याच्या मध्यावर असताना पलीकडचा मशीनचा आवाज थांबला आणि फोनचा पडदा काळा झाला. पहिल्या रांगेतल्या आईनं तो पाहिला. मी वाक्य पूर्ण केलं. मग पान. मग त्या दिवसाची राहिलेली तीन पानं. कुणी उठलं नाही. वाचून झाल्यावर मी बाई गेल्याचं सांगितलं, तेव्हा सगळ्यांना कळलेलं होतं.

पौर्णिमेला पुस्तक संपलं. लहानपणापासून ऐकत असूनही शेवट मला माहीत नव्हता. मी नेहमी आधीच पळून जायचे.

महिन्याभरानं सुनावणीचं इतिवृत्त आलं. बाईंच्या नावापुढे एक ओळ होती: 'दुर्गंधीमुळे खिडकी बंद ठेवावी लागते असे निवेदन केले.' बस्स. चंद्र गाळला होता. मी कचेरीत गेले. टेबलावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, मुद्दा आलाय ना? चंद्रानं काय फरक पडतो?" मी त्याला म्हटलं, त्या एका शब्दासाठी एका बाईनं संध्याकाळचं वाचन सोडलंय, आणि ते परत मिळणार नाहीये. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एकेकाळी साळवे बाईंकडे पाहायचे.

मग रीतसर अर्ज दिला. समास सोडून, छोट्या वाक्यांत. विषय: इतिवृत्तातून गाळलेल्या चंद्राची नोंद घेण्याबाबत. आतापर्यंत तीन स्मरणपत्रं झालीत. चौथं सोमवारी देणार आहे.