भिशीसारखं कार्ड

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं की एक खोड लागते. उदाहरण दिल्याशिवाय समोरच्याला काही कळणारच नाही, अशी आपली खात्री होऊन बसते. निवृत्त झाले तरी माझी ही खोड काही गेली नाही.

सरकारने आरोग्य विम्याची योजना पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही खुली केली, तेव्हा सोलापुरातल्या आमच्या बोळात कार्ड काढून द्यायचं शिबिर भरलं. सकाळी तिथे चिटपाखरू नव्हतं. कुणी म्हणे, पाच लाख खात्यावर येतील आणि मग रेशन बंद होईल. कुणी म्हणे, दवाखान्यात गेलो नाही तरी दर महिन्याला पैसे कापतील. ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. मी सरळ देवळाच्या कट्ट्यावर चढले आणि म्हणाले, "अगं बायांनो, आपली भिशी असते ना, तसंच आहे हे. सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं, जिला गरज लागेल तिने उचलायचं. आपलं टाकणं करातून होतं, एवढाच फरक." दुपारपर्यंत रांग लागली. मी दोन दिवस त्या तोऱ्यात होते.

शेजारच्या वहिनींनीही कार्ड काढलं. त्या मूळच्या वेळापूरकडच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. घरी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवायच्या. बोळातली भिशी त्याच चालवायच्या आणि स्वतःचा नंबर कायम शेवटचा ठेवायच्या. आधी उचलणारी बाई अडलेली असते, तिला पुढे जाऊ द्यावं, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं.

पुढे उन्हाळ्यात एकदा पाच दिवसांनी नळाला पाणी आलं. वहिनी कळशी घेऊन निघाल्या आणि चार पावलांवर मटकन पायरीवर बसल्या. ओठ काळेनिळे पडलेले. मी घाबरून विचारलं, "डॉक्टरला दाखवलंत का?"

"दाखवलंय की. दिवाळीआधीच. हृदयाची झडप खराब हाय म्हनले. बदलावी लागंल, लवकर या म्हनले."

"मग अजून बसलात कशाला? कार्ड आहे ना?"

"हाय की. पर ते आत्ताच न्हाय उचलायचं. सुनेला दिवस गेल्यात. तिचं काय वाईट-वाकडं झालं तर? मीच उचलून बसले तर पोरीला काय ऱ्हाईल? एकदा उचललं की नंबर संपला."

"असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"तुमीच की बाई. भिशीसारखंच हाय म्हनला व्हता."

मला आधी त्यांचाच राग आला, खोटं कशाला बोलू? "अहो, पण मला एकदा विचारायचं तरी!"

"त्यात इचारायचं काय? भिशी मीच चालवते की."

दिवाळीपासून ही बाई सुनेसाठी आपला नंबर मागे ठेवून बसली होती, आणि तो नंबर मीच तिच्या डोक्यात घातला होता. अख्ख्या घराला मिळून असलेली कार्डाची रक्कम दर वर्षी नव्याने मिळते, हे त्या दिवशी कट्ट्यावर मी बोललेच नव्हते.

मग मी तेही सांगितलं. त्यांना पटेना. "दर वर्षी कोन देतंय एवढं?" दुसऱ्या दिवशी रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं. योजनेच्या खिडकीतल्या मुलीने कॉम्प्युटर बघून सांगितलं, "आजी, ऑपरेशन होऊनही यातलं उरतंय. आणि वर्ष बदललं की परत पूर्ण." दोन वाक्यं, उदाहरण नाही. वहिनींना लगेच कळलं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं की इतके महिने का थांबवलं. झडप नवी बसली, पण तोवर हृदय फुगून थकलं होतं, ते आता पहिल्यासारखं होणार नव्हतं. वहिनींचं मशीन सुनेकडे गेलं, भिशी दुसरीने घेतली. सुनेचं बाळंतपण सुखरूप झालं. त्यात कार्डाची गरजच पडली नाही.

बारशाला सगळा बोळ जमला होता. मांडीवरचं बाळ उचलून सुनेकडे देताना वहिनींना धाप लागली. जरा थांबून त्या बायकांना म्हणाल्या, "मी बाईंमुळं वाचले बरं का. त्येंनीच कार्ड समजावून सांगितलं."

सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघू लागल्या. खरं सांगून टाकायची वेळ तीच होती. मी पुढे झाले, आणि बाळ अगदी आजीवर गेलंय, असं म्हणाले.